जपूनकाकांचा निर्धोक हौद

जपूनकाकांच्या हातून आयुष्यात एकही कप फुटलेला नाही, असं त्यांची बायको सांगते; आणि ऐकणारा मान डोलावतो न डोलावतो तोच पुढे जोडते, "विसळलाच नाही कधी, तर फुटेल कुठून?" काकांच्या कर्तबगारीचं इतकं नेमकं वर्णन त्यांच्या निरोपसमारंभातही कुणाला जमलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव वसाहतीत फारसं कुणाला ठाऊक नाही. जिन्यात भेटेल त्याला ते "जपून" म्हणतात. वर जाणाऱ्याला, खाली येणाऱ्याला, कठड्याला टेकून नुसत्या उभ्या असलेल्यालाही. मुलांनी त्याचंच नाव केलं आणि मुलांच्या तोंडचं मोठ्यांनी उचललं. काकांनाही त्याचा राग नाही. माणसाला नाव पडावं तर कामावरून पडावं, असं त्यांचं मत आहे.

काम म्हणजे सुरक्षा. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. पत्रा कापणारी यंत्रं, पत्रा दाबणारी यंत्रं आणि या दोन्हींच्या मध्ये माणसांची बोटं. काकांच्या संपूर्ण कारकिर्दीत फाटकाजवळच्या फळ्यावर अपघातांच्या रकान्यात शून्य होतं. ते शून्य कसं राखलं जातं हे कारखान्यात झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. अपघात होत नसत असं नाही. ते कारखान्यात होत नसत. प्रेसखाली बोट गेलेल्या माणसाचं बोट घरच्या दारात चेमटलेलं असे. पाठीवर पत्र्याची रास कोसळलेला माणूस घरच्या माळ्यावरून पडलेला असे. काका स्वतः त्याला घरी पोचवत, डॉक्टरला तिथे बोलावून घेत, भरपगारी रजा मिळवून देत. आणि रजा हातात पडली की आपण माळ्यावरून कसे पडलो ते त्या माणसालाही आठवू लागे. एकाच्या घराला माळाच नव्हता, तरी त्याला आठवलं.

यंत्रांवर जाळ्या बसवायच्या मात्र राहून गेल्या. ज्या यंत्रावर कधी अपघातच झाला नाही, त्याला जाळी हवी असं कुठल्या तोंडाने मागणार?

यात आपण काही लबाडी करतोय असं काकांना कधी वाटलं नाही. लागायचं त्याला लागलेलं असतंच. निदान शून्याला तरी धक्का लागू नये, एवढंच त्यांनी बघितलं. निवृत्तीच्या वेळी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलंय. भिंतीवरची वस्तू कधीतरी पडते.

निवृत्तीनंतर त्यांच्या ताब्यात एकच घर आणि एकच नात उरली. नातीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण दीड वर्षाची असताना ती एका जागी थांबत नसे. आजोबांकडे दुपारी राहायला लागल्यापासून थांबते. तिची आई, म्हणजे काकांची एकुलती लेक, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. बालवाडी सुटली की भिंगरी आजीआजोबांकडे, आणि आईचं काम संपलं की आईबरोबर घरी. ही व्यवस्था वर्षभर सुरळीत चालली होती. काकांच्या मते तर फारच सुरळीत; इतक्या दिवसांत भिंगरीच्या अंगावर साधा ओरखडा उठला नव्हता.

एका संध्याकाळी लेक आली ती पर्स खांद्यावरून न काढताच बसली.

"बाबा, आज बालवाडीच्या बाईंनी थांबवून घेतलं होतं. ही घसरगुंडीपाशी उभी राहते आणि चढणाऱ्या प्रत्येकाला 'जपून' म्हणते. स्वतः चढत नाही."

काकांचा चेहरा उजळला. "शहाणी आहे."

"शहाणी नाहीये, चार वर्षांची आहे. उडी मारायच्या आधी बाईंना विचारते, 'मारू का?' बाई 'मार' म्हणाल्या की म्हणते, 'तुम्ही हात धरा.'"

"मग धरावा हात. पगार कशाचा घेतात?"

"अहो, तिचं ऐकून तरी घ्या," बायको आतून म्हणाली. "लेकीच्या लहानपणी तुम्ही दिवसभर कारखान्यात असायचात म्हणून ती चालायला शिकली."

लेकीने शांतपणे सांगितलं. बालवाडीजवळ एक पाळणाघर आहे, तिथे अंगण आहे, आणि पुढच्या महिन्यापासून तिथे जागा रिकामी होते आहे. भिंगरी दुपारी मोकळी खेळणार असेल तर तिला आजोबांपासून तोडायची हौस कुणालाच नाही. पण अशीच खुर्चीत बसवून ठेवणार असाल तर पाळणाघर बरं.

"आणि तिथे पडली म्हणजे?" काका म्हणाले.

"पडू दे. इथे पडली तरी मी काही म्हणणार नाही. खरचटलं, टेंगूळ आलं, काही म्हणणार नाही. फक्त खेळू दे तिला."

काकांनी यातलं 'पाळणाघर' एवढंच ऐकलं. पुढची वाक्यं त्यांच्या कामाची नव्हती.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही असं म्हणता येणार नाही, जेवले नेहमीइतकंच. पण भिंगरी दुपारी येणार नाही या कल्पनेने माणूस पार हलला होता. दुपारी ती आली की ते तिला चष्मा पुसायला देत. ती फुंकर मारून मारून पुसे आणि स्वतःच्या नाकावर लावून "आजोबा, तू वाकडा दिसतोस" असं म्हणे. दिवसभरात त्यांच्याशी कुणी एवढं आपुलकीने बोलत नसे.

वसाहतीच्या दोन इमारतींच्या मधल्या मैदानात मुलांसाठी वाळूचा हौद करायचा ठराव कधीचा लोंबकळत होता. करायला कुणी पुढे येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी काकांनी कमिटीच्या अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरच्या दंतवैद्यबाई. कमिटीच्या बैठका त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत होतात, त्यामुळे लांबत नाहीत. भिंतीवरचा प्लास्टरचा जबडा बघून लोक आपोआप तोंड आवरतं घेतात.

"हौद म्हणजे काय हो काका," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "खड्डा करायचा, वाळू टाकायची. मी दोन वर्षं हेच सांगतेय."

"बाई, खड्डा करून वाळू टाकली की त्याला हौद म्हणत नाहीत. धोका म्हणतात."

"बरं, मग तुम्हीच करा. पण काका, मुलं त्यात खेळली पाहिजेत."

"खेळतील ना. निर्धोक खेळतील."

सुरुवातीचं सगळं त्यांनी बरोबर केलं, हे मान्य करायला हवं. मैदानात सकाळ-दुपार फिरून त्यांनी ऊन-सावली बघितली. चीक गळणाऱ्या झाडाखालची जागा सोडली, गटाराच्या झाकणाजवळची सोडली, आणि घरातल्या मोठ्यांना खिडकीतून दिसेल अशी मधली जागा धरली. खड्ड्याच्या तळाला खडी, खडीवर पाणी झिरपू देणारं पण माती वर येऊ न देणारं जाड कापड, त्यावर वाळू. पाऊस पडला तर पाणी तुंबणार नाही. रात्री मांजरांनी घाण करू नये म्हणून वर ताडपत्री. दगड फोडून केलेल्या वाळूची पहिली गाडी त्यांनी परत पाठवली. तिची धूळ मुलांच्या छातीत जाते आणि कण टोचतात. नदीची गोल कणांची वाळू मागवली. इथे ते थांबले असते तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

पण निर्धोक या शब्दाला तळ नसतो. काठाला लाकडी ओंडके होते. त्यांना रंधा मारला, मग घासकागद, मग त्यांवर रबराच्या पट्ट्या. वाळू आली ती चाळली. त्यात शिंपल्याचा एक तुकडा निघाला म्हणून बारीक चाळणीतून पुन्हा चाळली. मग धुतली. पंपाच्या खोलीमागे नळाखाली घमेल्याघमेल्याने वाळू धुवून घेतली जात होती आणि गढूळ पाणी भिंतीच्या कडेने वाहून तिथे मऊ चिखलाचा ढीग साठत होता. पाणी काचेसारखं येईपर्यंत काका तिथून हलले नाहीत.

गवंडी जुना आणि तोंडाचा तिखट. त्याने घमेलं खाली ठेवून विचारलं, "साहेब, यात मुलं सोडणार का मासे?"

"तू वाळू धू."

"धुतोय की. माझ्या लग्नातला सदरा एवढा धुतला नव्हता."

धुतलेली वाळू सुकली तेव्हा साखरेसारखी दिसत होती. काकांनी मूठ भरून वर धरली, बोटं उघडली, आणि कणही हाताला न चिकटता सगळी खाली सांडली. भिंगरीची खेळण्यातली बादली भरून त्यांनी पालथी घालून बघितली. बादली उचलताच ढीग पसरला.

"हे काय, उभं राहतच नाही काही," गवंडी म्हणाला. "पोरं किल्ला कशाचा करणार?"

"उभं राहत नाही म्हणजे कोसळतही नाही," काका म्हणाले. "वाळूचा ढीग अंगावर कोसळला की श्वास कोंडतो. हा प्रश्नच आपण मुळातून काढून टाकला."

गवंड्याने यावर विडी पेटवली.

सगळ्यात शेवटी आला नियमांचा फळा. फळ्याशिवाय सुरक्षा म्हणजे काकांच्या लेखी सहीशिवाय चेक. जुन्या ओळखीने त्यांनी पत्र्याचा फळा करून आणला, रंगवून आणला. नियम बरेच होते. पळू नये. वाळू उडवू नये. पाणी आणू नये. हाताच्या पंजापेक्षा खोल खणू नये. चपला घालून आत येऊ नये. अनवाणी वाळूत उतरू नये. शेवटचे दोन एकत्र वाचल्यावर दंतवैद्यबाईंनी विचारलं, "म्हणजे मोज्यांवर?"

"मोजे उत्तम," काका म्हणाले. त्यांना त्यात विनोद दिसला नाही, कारण भिंगरीसाठी त्यांनी मोजे आणूनही ठेवले होते.

फळ्याच्या कडा आत दुमडायच्या राहिल्या होत्या. दुमडल्या असत्या तर सर्वात खालचा नियम झाकला जात होता. नियम राहू दे, असं काकांनी ठरवलं. आणि मुलांनाच वाचायचा आहे तर मुलांना दिसेल असा हवा, म्हणून फळ्याचे पाय आखूड ठेवून तो हौदाच्या तोंडाशी रोवला. त्या हौदात येणाऱ्या बहुतेक मुलांना अजून वाचता येत नव्हतं. फळ्याचा कोपरा मात्र बरोबर त्यांच्या कपाळाच्या उंचीवर आला.

हौद उघडला त्या दुपारी मुलं धावत आली. बादल्या भरल्या, पालथ्या घातल्या, उचलल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा उचलल्या. प्रत्येक वेळी सपाट. एका मुलाने विचारलं, "जपूनकाका, पाणी टाकू?" काकांनी फळ्याकडे बोट दाखवलं. मुलगा फळ्याकडे बघून परत त्यांच्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने एकेक जण उठला आणि पंपाच्या खोलीमागे दिसेनासा झाला. तिथे धुण्यातून उरलेला चिखल होता. ओला, मऊ, हवा तसा वळणारा. तासाभरात त्याचा किल्ला उभा राहिला, त्याला खंदक आला, आणि खंदकात कुणीतरी चप्पल सोडली.

हौदात भिंगरी उरली. पांढऱ्या मोज्यांवर, गुडघे जुळवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

लेक कामावरून येताना मैदानातच थांबली.

"बघ," काका म्हणाले. "खेळतेय."

"बसलीय, बाबा."

"पहिला दिवस आहे. रुळेल."

लेकीने पंपाच्या खोलीमागून येणारा आरडाओरडा ऐकला, मुलीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. बाप शर्टाच्या बाहीने रबराच्या पट्टीवरची धूळ पुसत होता. "महिनाअखेरपर्यंत बघू," ती म्हणाली.

पुढचे दिवस काका खुर्ची टाकून हौदापाशी बसू लागले. येणारेजाणारे हौदाचं कौतुक करत, आणि काकांना ते खरं वाटे. "एवढे दिवस झाले, साधं खरचटलं नाही कुणाला," ते सांगत.

"कुणी येत असेल तर खरचटेल ना," बायको म्हणाली. "उद्या आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेलाही बक्षीस द्या. तीही कुणाला लागली नाही कधी."

झालं ते एका साध्या दुपारी. बायको डोळे तपासायला गेली होती. काका खुर्चीत पेपर वाचत होते. भिंगरीने मोजे काढले, घडी घालून ओंडक्यावर ठेवले आणि, विचारल्याशिवाय, उठून पंपाच्या खोलीमागे गेली. काकांनी पान उलटलं तेव्हा ती परत येत होती: अनवाणी, कोपरापर्यंत माखलेली, दोन्ही हातांत गढूळ पाण्याने भरलेला डबा धरून. आणि पळत होती. वर्षभरात पहिल्यांदाच पळत होती. तिला हौदात पाणी ओतायचं होतं. कुठून तरी तिला कळलं होतं की असं केलं म्हणजे वाळू उभी राहते.

काकांच्या तोंडून आयुष्यभराची सवय बाहेर पडली. "जपून!"

भिंगरी थांबली नाही, पण कुणी हाक मारली ते बघायला तिने मान वळवली. फळा तिच्या समोर होता आणि मान बाजूला होती. कोपरा भुवईच्या वर लागला.

डबा पडला, पाणी सांडलं. काकांनी तिला उचललं, रुमाल दाबला. इथपर्यंत कुठल्याही आजोबाने केलं असतं तेच. त्यानंतर त्यांनी दोन्ही इमारतींच्या खिडक्यांकडे बघून घेतलं. दंतवैद्यबाईंचा दवाखाना समोर होता, दार उघडं होतं, आत कापूस होता, औषधं होती आणि रक्ताला न घाबरणारी बाई होती. काका त्या दारासमोरून गेले नाहीत. मागच्या जिन्याने वर आले, मुलीला कोचावर ठेवलं आणि ओळखीच्या डॉक्टरला फोन करून घरी बोलावलं.

डॉक्टरने दोन टाके घातले. भिंगरी पहिल्या टाक्याला रडली, दुसऱ्याला नाही. "कसं लागलं?" त्याने विचारलं.

"घरीच," काका म्हणाले. "टीपॉयचा कोपरा."

हे वाक्य इतक्या सहज आलं की त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटलं.

संध्याकाळी लेकीलाही तेच सांगितलं. बायको तोवर आली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला सगळं धूसर दिसत होतं, म्हणून ती डोळे मिटून बसली होती. भिंगरी झोपली होती. लेक टीपॉयपाशी बसली, मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे घरात, तुमच्या डोळ्यांसमोर, टीपॉयवर आपटली."

"हो. एका क्षणात झालं."

"मैदानात लागलं असतं तर मी काही बोलले नसते, बाबा. ते मी आधीच सांगितलं होतं. पण घरात बसवून ठेवायचं आणि घरातही लक्ष राहत नाही म्हटल्यावर..." ती मुलीच्या केसांवरचा हात काढून म्हणाली, "उद्यापासून पाळणाघर. जागा झालीय तिथे, मी आत्ताच कळवते त्यांना."

काका उठून उभे राहिले. हौद वाचला होता, आणि नात गेली होती. कारखान्यात जखमी माणसाला घरी नेलं की प्रकरण तिथेच मिटायचं. तिथे घर दुसऱ्याचं असायचं.

फोन उचलायला लेकीने टीपॉयवर हात टेकला. हात तसाच राहिला. मग तिने बोटाने टीपॉयची कड चाचपली, कोपरा दाबला. कोपऱ्यावर रबराची टोपी होती. दुसऱ्यावर होती, चारही कोपऱ्यांवर होती. तिने उठून टीव्हीच्या टेबलाची कड बघितली. कपाटाची बघितली. देव्हाऱ्यालासुद्धा टोप्या होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "या घरात कोपरा आहे कुठे?"

बायकोने मिटल्या डोळ्यांनीच चेहरा काकांकडे वळवला.

"पायांना चिखल आहे हिच्या," लेक म्हणाली. "कोपरापर्यंत चिखल आहे. टीपॉयवर चिखल असतो का?"

"हौदापाशी लागलं," काका म्हणाले. "पाणी घेऊन पळत येत होती. फळ्याचा पत्रा लागला."

"मग टीपॉय का म्हणालात?"

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. हौद वसाहतीचा आहे. सगळ्यांनी विश्वासाने काम सोपवलं होतं. उद्या लोक म्हणतील, स्वतःच्याच नातीचं डोकं फोडलं. आजवर एकही अपघात नाही, आणि पहिला हाच...

"झाला ना पण," लेक म्हणाली. ती चिडलेली नव्हती. प्रयोगशाळेत कुणाला निकाल सांगावा तसं सांगत होती. "पाणी आणायला पळाली ही? स्वतःहून?"

"हो. मी हाक मारली आणि तिने वळून बघितलं."

"स्वतःहून पळाली," लेक पुन्हा म्हणाली, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. काकांना वाटलं, आता निभावतं. "बाबा, तुम्ही फोन करून एवढं सांगितलं असतं, की भिंगरी पळाली, पडली, दोन टाके पडलेत, तर मी टाके बघून हिला घरी नेलं असतं आणि उद्या परत आणून सोडलं असतं. देवाशपथ."

"मग आण ना उद्या."

"आता कशी आणू? आज टाके पडले, ते कुठे पडले हे मला रबराच्या टोपीवरून कळलं. उद्या याहून मोठं काही झालं आणि डॉक्टरला खरं कारण कळायला हवं असलं, तर ते मला कोण सांगणार? तुम्ही?"

"अगं, तुला सांगितलंच असतं."

"मलाच तर खोटं सांगितलंत."

बायको उठली, भिंतीला धरत आत गेली आणि भिंगरीची पिशवी भरून घेऊन आली. कपडे, खाऊचा डबा, पाण्याची बाटली. मोजे तिने पिशवीत घातले नाहीत. "रविवारी आणशील ना गं?" तिने लेकीला विचारलं.

"तू घरी असलीस तर आणेन, आई."

या वाक्यातलं 'तू' काकांनी पूर्ण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्यबाईंना सगळं कळलं. लेकीनेच जाता जाता सांगितलं होतं. त्यांनी लगेच गवंड्याला बोलावून फळा उपटून घेतला आणि पंपाच्या खोलीमागचा चिखल घमेल्याने भरून वाळूत कालवायला लावला. "एवढं धुवायचं आणि परत तेच आत टाकायचं," गवंडी म्हणाला, "हे आधी सांगितलं असतं तर माझी कंबर वाचली असती." नळाची रबरी नळी हौदापर्यंत आणून ठेवली. दुपारपर्यंत हौदात पाय ठेवायला जागा राहिली नाही. वरच्या खिडकीतून काकांनी ते बघितलं. तळाच्या खडीमुळे पाणी कुठेही तुंबत नव्हतं, काठावरून पडणाऱ्याला रबरामुळे लागत नव्हतं. त्यांनी बायकोला ते दाखवलं. "बघ, निचरा उत्तम होतोय."

"होतोय," बायको म्हणाली. तिला आता स्पष्ट दिसत होतं.

आठवडाभर काकांनी तग धरला. मग एका दुपारी, फिरायला जातो असं सांगून, ते पाळणाघराच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. जाऊन त्यांनी आधी काय केलं असेल तर अंगणातल्या चुका काढल्या. वाळू न चाळता टाकलेली. कडेला विटा, नुसत्या रचलेल्या. पाण्याचं पिंप उघडं. शिडीची एक पायरी ढिली. ताडपत्री कुठेच नाही. मनातल्या मनात त्यांनी सगळ्यांची नोंद घेतली. आणि नोंद कुणाला द्यायची हे न सुचून तिथेच उभे राहिले.

भिंगरीने त्यांना बघितलं आणि ती पळत आली. भुवईवर टाक्यांची रेघ होती, आणि डाव्या गुडघ्यावर नवं, ताजं खरचटलेलं.

"आजोबा, बघ."

"कुठे लागलं हे?"

"इथे," तिने मागे विटांकडे हात केला. "काल मी उडी मारली."

काकांनी आवाज खाली आणला. "आईला काय सांगितलं बाईंनी?"

"बाईंनी नाही. मीच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"उडी मारली, पडले." यात विचारण्यासारखं काय आहे ते तिला कळलं नाही. गुडघा नीट दिसावा म्हणून तिने पाय उचलून कुंपणाच्या जाळीवर टेकवला आणि तोल जाऊ नये म्हणून वरची तार धरली. काकांनी चष्मा काढला, स्वतःच पुसला आणि वाकून गुडघा बघितला. मग त्यांनी विचारलं, "किती उंचावरून?"

"एवढ्या," भिंगरी म्हणाली आणि हात डोक्याच्याही वर नेला. आत कुणीतरी हाक मारली. तिने पाय सोडवून घेतला आणि विटांकडे पळाली.